लाबानाची चाकरी

नोकरी म्हटली की वरचा साहेब आलाच. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोकणात स्वतःचे घाणे चालवले, तेव्हा त्यांचा साहेब गिऱ्हाईक असे. पुढे आपली माणसे मुंबईला आली, पलटणीत, रेल्वेत, गिरण्यांत, इस्पितळांत आणि सरकारी कचेऱ्यांत लागली, आणि तेव्हापासून आपला समाज हा मुख्यतः नोकरदारांचा समाज झाला. इस्राएलात आल्यावरही दिमोणाच्या कापड कारखान्यांत, लोदच्या विमान-उद्योगात, अश्दोदच्या बंदरात आणि देशभरच्या दवाखान्यांत आपण नोकरीच केली. त्यामुळे शाब्बाथच्या संध्याकाळी चार माणसे एकत्र बसली की मुलाबाळांची चौकशी झाल्यावर गाडी हमखास साहेबावर येते. साहेबाला कोणी मेनाहेल म्हणतो, कोणी बॉस, परंतु रडगाणे एकच असते.

या रडगाण्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि त्याचा विचार आपण फारसा करीत नाही. प्रश्न असा : वरचा माणूस अन्यायाने वागत असेल, तर खालच्या माणसाची कर्तव्ये सुटतात काय? आणि सुटत नसतील, तर त्याने निमूटपणे सोसायचे काय?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कडक साहेब म्हणजे वाईट साहेब नव्हे. जो स्वतः वेळेवर येतो आणि दुसऱ्याने वेळेवर यावे असे म्हणतो, चूक दिसली तर चूक म्हणतो, पण सर्वांना एकच माप लावतो, त्याच्या हाताखाली काम करणे जड जाते, तरी त्याला वाईट म्हणता येत नाही. पुष्कळदा निवृत्त झाल्यावर माणसे अशाच साहेबाची आठवण आदराने काढतात. वाईट साहेब मी तीन प्रकारचे मानतो. पहिला आपल्या हक्काचे देत नाही, म्हणजे पगार, सुटी, श्रेय यांत कापतो. दुसरा माणसाचा मान ठेवीत नाही, चारचौघांत पाणउतारा करतो. तिसरा आपल्याकडून वाईट काम करवून घेतो. या तिघांना एकच उत्तर पुरणार नाही.

पहिल्या प्रकाराचे सर्वांत जुने उदाहरण आपल्या तोरातच आहे. याकोब आवीनूंनी लाबानाकडे वीस वर्षे चाकरी केली. सात वर्षे राहेलसाठी म्हणून केली आणि पदरी लेआ पडली. मग आणखी सात वर्षे केली, आणि नंतर सहा वर्षे मेंढरांसाठी. या काळात लाबानाने दहा वेळा मजुरी बदलली. ठिपकेदार आणि काळी मेंढरे याकोबाची असे ठरले, तर लाबानाने त्याच दिवशी तसली जनावरे वेगळी काढून मुलांच्या हवाली केली आणि तीन दिवसांच्या वाटेवर पाठवून दिली. याहून लबाड मालक कुठे शोधायचा?

आता आपल्यातला कोणीही म्हणेल की अशा मालकाकडे याकोबाने जशास तसे वागायला हवे होते. हे म्हणणे फालतू नाही. मजुरी हा दोघांतला करार आहे. एकाने तो मोडला तर दुसऱ्यानेच का पाळावा? साहेब माझ्या पगारातले दोनशे शेकेल कापतो, मग मी त्याच्या वेळेतला अर्धा तास कापला तर हिशोब बरोबर होत नाही का? या युक्तिवादाने हजारो माणसे दररोज आपल्या मनाची समजूत घालतात.

याकोबाने मात्र तसे केले नाही. शेवटी लाबानाशी गाठ पडली तेव्हा त्याने जे सांगितले ते सर्वांनी पुन्हा एकदा वाचावे. दिवसा उन्हाने भाजलो, रात्री थंडीने काकडलो, डोळ्याला डोळा लागला नाही, तुझ्या कळपातला एडका मी खाल्ला नाही, लांडग्याने फाडलेल्या मेंढराची भरपाईसुद्धा मी माझ्या पदरची केली, असा तो त्याच्या बोलण्याचा आशय आहे. रांबाम यांनी बाराव्या शतकात मजुरीचे नियम लिहिले, तेव्हा मजुराने इकडे थोडा, तिकडे थोडा असा वेळ दवडून मालकाचे काम चोरू नये, सर्व शक्तीनिशी काम करावे, असे सांगून दाखला दिला तो याकोबाचा. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चांगल्या मालकाकडे राबणाऱ्या एखाद्या नोकराचा दाखला त्यांना देता आला असता. त्यांनी दिला तो लाबानाच्या नोकराचा.

तालमूदात अब्बा हिल्कियाची गोष्ट आहे. पाऊस पडेना म्हणून त्याने प्रार्थना करावी, हे सांगायला दोन विद्वान त्याच्याकडे शेतात गेले. त्यांनी शालोम केला, पण हा कुदळ मारीतच राहिला, तोंड वर केले नाही. नंतर त्यांनी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला की मी रोजाने लागलेला मजूर, दिवस मालकाचा आहे, त्यातला वेळ मी कसा घालवू? मजुरांनी जेवणानंतरचा बिरकत हामाझोनदेखील आखडता म्हणावा असे हाखामीमनी ठरवून ठेवले आहे. देवाच्या स्तुतीसाठीसुद्धा मालकाचा वेळ मोडू नये, इतका हा विचार कसोशीचा आहे.

का बरे? लबाड मालक इतक्या इमानाला पात्र आहे म्हणून? मुळीच नाही. मला याची दोन कारणे दिसतात. एक असे की कामचुकारपणाचा फटका बहुतेक वेळा साहेबाला बसतच नाही. आपल्या कितीतरी बहिणींनी परिचारिकेचे काम केले. वरची मेट्रन दुष्ट असेल, पण खाटेवरची म्हातारी दुष्ट नसते, आणि औषधाला उशीर झाला तर तो तिला होतो. विमानाचा स्क्रू ढिला राहिला तर त्यात बसणारा मेनाहेल नसतो, कोणी परका प्रवासी असतो. मास्तरांचे तर विचारूच नका. वरिष्ठांवरचा राग धरून धडा अर्धवट शिकवला, तर वरिष्ठांना त्याचा पत्ताही नसतो, गणित कच्चे राहते ते पोराचे. दुसरे कारण असे की हात एकदा आळसावले की ते एका साहेबापुरते आळसावत नाहीत. पाच वर्षे रडतखडत काम करण्याची सवय लागलेला माणूस सहाव्या वर्षी चांगला साहेब मिळाला तरी सुधारत नाही. म्हणजे लाबानाने मजुरी तर लुबाडलीच, वर कसबही लुबाडले.

परंतु इथेच थांबलो तर हा लेख साहेबांच्याच सोयीचा होईल. ज्या परंपरेने नोकराला इतके कडक बांधले आहे, तिनेच त्याला एक मोठी मोकळीक दिली आहे. बाबा मेझियात सांगितले आहे की रोजंदारीवरचा मजूर अर्धा दिवस झाला तरी काम सोडून जाऊ शकतो. आणि याचे कारण काय दिले आहे? इस्राएलची प्रजा ही परमेश्वराची सेवक आहे, सेवकांची सेवक नव्हे. म्हणजे माझे श्रम मी विकले आहेत, मी स्वतःला विकलेले नाही. जोपर्यंत काम अंगावर आहे तोपर्यंत ते पूर्ण करीन, पण मी तुझ्या मालकीचा नाही, हे दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी म्हणता आले पाहिजे. यातले पहिलेच म्हणतो तो गुलाम होतो आणि दुसरेच म्हणतो तो कामचुकार होतो.

मग हक्काचे मिळत नसेल तर काय करावे? चोरून वसूल करू नये, उघड मागावे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ अडकवून ठेवू नको अशी तोराची आज्ञा लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. इस्राएलचा १९५८ चा वेतन-संरक्षण कायदा उशिरा दिलेल्या पगाराला 'हलानत साखार' म्हणतो, तो शब्द थेट त्याच आज्ञेतल्या धातूवरून आला आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेपर्यंत हाती पडला नाही, तर कायदा त्याला अडकवलेला पगार मानतो. १९६३ च्या कायद्याने पित्सुयीम ठरवून दिले, आणि सोडून जाणाऱ्या दासाला रिकाम्या हाताने पाठवू नको या तोरातल्या आज्ञेचा धागा त्यात दिसतो. कामाच्या अटी लक्षणीय बिघडल्यामुळे नोकरी सोडावी लागली, तर ती साहेबानेच काढून टाकल्यासारखी धरावी, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र राजीनामा फेकण्यापूर्वी तक्रार लेखी द्यावी आणि सुधारण्याची संधी द्यावी. १९६९ पासून कामगारांची वेगळी न्यायालये आहेत. २००२ च्या कायद्यानुसार मालकाने कामाच्या अटी लेखी कळवल्या पाहिजेत. याकोबानेही मेंढरांचा रंग ठरवला तो अशासाठीच, की पुढे वाद झाला तर डोळ्यांनी पाहून निवाडा व्हावा. म्हणून तरुणांना सांगणे आहे की तलूश वाचल्याशिवाय फाईलमध्ये ठेवू नका आणि फाईल फेकू नका.

दुसरा प्रकार अपमान करणाऱ्या साहेबाचा. इथे कायद्याचा हात तोकडा पडतो आणि माणसाची जीभ सुटते. दुपारच्या जेवणाला, बसमध्ये, फोनवर, घरी बायकोजवळ, सगळीकडे आपण साहेबाची नक्कल करून दाखवतो. फक्त एकाच माणसाला काही सांगत नाही, तो म्हणजे साहेब. लेवीयाच्या त्याच १९ व्या अध्यायात दोन गोष्टी लागोपाठ आल्या आहेत : चहाड्या सांगत फिरू नको, आणि भावाचा मनात द्वेष ठेवण्यापेक्षा त्याला समोर दोष दाखव. या आज्ञा जवळजवळ ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. जो समोर बोलत नाही त्याला मागे बोलावेच लागते, आणि मागे बोलून राग जात नाही, नुसता शिळा होतो. समोर बोलणे म्हणजे भांडणे नव्हे. दार लावून, आवाज न चढवता, "परवा सर्वांदेखत आपण जे शब्द वापरलेत ते मला लागले, चूक असेल तर मला एकट्याला बोलवून सांगावी," इतके म्हणणे पुष्कळदा पुरते. पुरले नाही, तर त्याच्या वरच्याकडे किंवा कामगारांच्या वाअदकडे जावे. ज्याच्या हातात सुधारणा आहे त्याला सांगणे ही चहाडी होत नाही.

एकट्याचा आवाज पोहोचत नसेल तर चौघांनी मिळून जावे. आपल्या समाजाला हे नवीन नाही. १९६२ साली आपल्या विवाहांच्या बाबतीत वंशाची चौकशी करण्याचे निर्देश रब्बीनेटकडून निघाले, तेव्हा घराघरात कुरकुर झाली, पण कुरकुरीने काही हलले नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमात धरणे धरून बसली, ऑगस्टमध्ये क्नेसेतने तो प्रश्न हाती घेतला, आणि ते निर्देश बदलले गेले. ती गोष्ट नोकरीची नव्हती, पण वरच्यापुढे कसे उभे राहावे याचा धडा तीतही आहे.

मात्र एक सांगितलेच पाहिजे. निवृत्तिवेतन घेत बाल्कनीत बसलेल्या माणसाने हे लिहिणे सोपे आहे. ज्याच्या एकट्याच्या पगारावर घर चालते, ज्याची भाषा कच्ची आहे, ज्याचे वय पंचावन्न आहे आणि दुसरी नोकरी मिळेल की नाही याची खात्री नाही, तो तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात असेल, तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार मला नाही. याकोबही चौदा वर्षे थांबलाच ना? संसारासाठी सोसणे हीसुद्धा एक कामगिरी आहे. फक्त सोसताना आपण अपमानाच्या लायकीचे आहोत असे मनाला पटू देऊ नये.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड. साहेब म्हणतो, खोटा आकडा लिही. मालाची तारीख बदल. अमुक कामगाराविरुद्ध सही कर. इथे "मी हुकमाचा ताबेदार" हे उत्तर आपल्या धर्मात चालत नाही. पापाच्या कामाला मुखत्यारी नाही, असा तालमूदाचा दंडक आहे. मालकाचा शब्द एकीकडे आणि मालकाच्याही मालकाचा दुसरीकडे, तर कोणाचा ऐकायचा, हे तो आपल्यालाच विचारतो. शिफ्रा आणि पुआ या सुइणींना फारोने मुलगे मारण्याचा हुकूम केला. त्यांनी दरबारात आरडाओरडा केला नाही, दगडही उचलला नाही. त्यांनी ते काम केले नाही, इतकेच. परंतु त्या न केलेल्या कामामुळे मुलगे जगले. पहिल्या दोन प्रकारांत सोसण्याला जागा आहे, या तिसऱ्यात नाही, कारण इथे सोसणारा दुसराच कोणी असतो.

आता मला जे मुख्यतः सांगायचे आहे त्याकडे येतो. साहेब आणि नोकर असे माणसांचे दोन कप्पे आपण करतो, ते खरे नाहीत. बहुतेक माणसे मधल्या पायरीवर असतात. वरून त्यांना बोलणी बसतात आणि खाली त्यांच्या हाताखाली कोणीतरी असतेच. मेनाहेलने फोरमनला झापले की फोरमन कामगाराला झापतो, कामगार घरी येऊन बायकोवर खेकसतो, आणि शेवटी पोराच्या पाठीत धपाटा बसतो. वड्याचे तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. अनेक वर्षे शाळेत काढल्यावर मला एवढे कळले आहे की वर्गातल्या ओरडण्याचे कारण पुष्कळदा वर्गात नसते, ते हेडमास्तरांच्या खोलीत असते.

निर्गमाच्या पाचव्या अध्यायात अशाच मधल्या माणसांची हकीकत आहे. पेसाहला आपण फारोची आठवण काढतो, मोशे राबेनूंची काढतो, पण या माणसांची कोणी काढत नाही. फारोने हुकूम काढला की विटांसाठी भुसा द्यायचा नाही, भुसा लोकांनी स्वतः गोळा करायचा, आणि विटांची संख्या मात्र तेवढीच भरली पाहिजे. वर मिसरी अंमलदार होते. त्यांच्या खाली आपल्याच लोकांतून नेमलेले 'शोतरीम' होते. आपल्या भाषेत सांगायचे तर मुकादम. विटा कमी पडल्या. मुकादमांपुढे दोन वाटा होत्या. चाबूक खालच्यांवर चालवून आकडा भरायचा, किंवा आकडा न भरल्याचा मार स्वतःच्या पाठीवर घ्यायचा. त्यांनी मार घेतला. आणि नुसता घेतला नाही, ते सर्व मिळून फारोपुढे गेले आणि भुसा मिळत नाही, दोष तुमच्या माणसांचा आहे, हे तोंडावर सांगितले. फारोचे उत्तर ठरलेले होते : तुम्ही आळशी आहात. साडेतीन हजार वर्षांत वाईट साहेबांना याहून नवीन उत्तर सुचलेले नाही.

त्यांचे गाऱ्हाणे फुकट गेले, काम हलके झाले नाही. परंतु हाखामीम सांगतात आणि राशीही आपल्या टीकेत लिहितात की पुढे रानात मोशेच्या मदतीला सत्तर वडील निवडायचे होते, तेव्हा ते याच मुकादमांतून निवडले गेले. नेतृत्वाची त्यांची परीक्षा अशी झाली होती. वरून आलेला मार त्यांनी आपल्यापाशी थांबवला होता.

आपल्या सिनेगॉगच्या प्रमुखालाही आपण पिढ्यान्‌पिढ्या मुकादमच म्हणत आलो आहोत. हा शब्द उच्चारताना मिसरातल्या त्या मुकादमांची आठवण ठेवायला हरकत नाही.

वाचकहो, हा प्रश्न आता आपल्याला अधिक जवळचा झाला आहे. पहिल्या पिढीने येथे साहेबांची बोलणी खाल्ली. आज आपली मुले-मुली स्वतः मेनाहेल आहेत, विभाग सांभाळतात, धंदे चालवतात. आणि ज्यांच्या हाताखाली कचेरीत कोणी नाही, त्यांच्याही घरी म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळायला केरळहून, नेपाळहून, फिलिपिन्सहून आलेली मुलगी असते. तिची भाषा कच्ची आहे, घर दूर आहे, आणि आपल्याला ती साहेब मानते. तिचा पगार कोणत्या तारखेला होतो? आठवड्याची सुटी तिला पूर्ण मिळते की "आज जरा थांब ना" म्हणत अर्धी होते? तिच्या हातून बशी फुटली तर आपण काय बोलतो? हमालांच्या हातून दारूचे पिंप फुटले म्हणून एका मालकाने त्यांचे अंगरखे काढून घेतले, अशी गोष्ट बाबा मेझियात आहे. हमालांनी जाऊन विद्वान राव यांना सांगितले तेव्हा त्यांनी अंगरखे परत द्यायला लावले. हमाल म्हणाले, दिवसभर राबलो, उपाशी आहोत. तेव्हा मजुरीही द्यायला लावली. मालकाने विचारले, कायदा असा आहे काय? होय, राव म्हणाले, भल्या माणसांच्या वाटेने जायचे असेल तर कायदा असाच आहे.

याकोबाची गोष्ट पुढे वाचली की एक बारीक गोष्ट दिसते. लाबानाला सोडायचे ठरले तेव्हा त्याने राहेल आणि लेआ यांना रानात बोलावून सर्व समजावले आणि त्यांचे मत घेतले. नोकरी सोडण्यापूर्वी घरी विचारावे, हा धडा तर त्यात आहेच. परंतु निघताना राहेलने बापाचे घरातले देव गुपचूप उचलले आणि उंटाच्या खोगिरात लपवले. याकोबाला याची कल्पनाही नव्हती. लाबानाचे घर सुटले, पण लाबानाचे देव सामानातून बरोबर आले.

आपलेही असे होऊ शकते. वाईट साहेबाला सोडून वीस वर्षे झाली तरी त्याचा आवाज आपल्या घशातून येतो, त्याची बोलण्याची तऱ्हा आपल्या हाताखालच्या माणसाला ऐकावी लागते, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. "आम्ही नाही का सोसले?" हे वाक्य तोंडी आले की समजावे, खोगिरात काहीतरी आहे. साहेब कसा मिळावा हे आपल्या हाती नसते. आपल्याला कसला साहेब मिळाला होता, हे आपल्या हाताखालच्या माणसाला आपल्या वागण्यावरून कळू नये, एवढे तरी प्रत्येकाला करता येईल.

सर्वांना शालोम.